फळीबाईचा उजेड

संध्याकाळी माझा नवरा अंगणात बसून पायांच्या भेगांना तेल चोळतो आणि मी त्याच्यावर खेकसते, की आधी हातपाय धुवा, मग काय ते चोळा. अशी खेकसायची सोय मला राहिली ती माझ्या थोरल्या जाऊमुळे. हे मी आता कुणालाही सांगते. कुणी विचारलं नाही तरी सांगते. सासूबाई म्हणतात, "पुरे गं, ऐकून ऐकून कान किटले." किटू देत. त्याआधीची दोन वर्षं मी त्या बाईशी एक शब्द बोलले नव्हते, त्याची भरपाई कधी करायची?

भांडणाचं कारण सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते. थोरले दीर गेले आणि वर्षभरानं जाऊबाईंनी रानातला त्यांचा वाटा कागदावर मागितला. मागण्यात वावगं काही नव्हतं. मोजणीच्या दिवशी चार माणसं बांधावर उभी होती. मी तोंडाला येईल ते बोलायची, तशी बोलले, "ज्या घरात पाळणा हलला नाही, त्या घराला जमीन कशाला लागते?" चार माणसांनी माना खाली घातल्या. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याची नजर टाळून खुंटी ठोकणाऱ्याकडे बघत राहिले. जाऊबाई बांधावरून सरळ घरी गेल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी आपली चूल अंगणाच्या पलीकडच्या खोलीत नेली. सासूबाई सकाळी त्यांच्याकडे जेवायच्या आणि रात्री आमच्याकडे. दोन्हीकडचं मीठ किती पडलं ते दोन्हीकडे सांगायच्या. माझ्या दोन्ही मुली शाळेतून आल्या की आधी पलीकडच्या खोलीत शिरायच्या. मी हाका मारून दमायची.

त्या साली गहू निसवायला आणि कालवा फुटायला एकच गाठ पडली. डोकीच्या बाजूला, पाणी येतं तिकडे, भरावाला भगदाड पडलं, बैलगाडी आडवी जाईल एवढं. आमचं रान कालव्याच्या शेपटाकडे. पाटबंधाऱ्याचे साहेब जीपमधून उतरले, भगदाडाकडे बघून म्हणाले, "आजपासून आठव्या दिवशी पाणी सुटेल. तोवर भराव आणि दगडी अस्तर झालं तर पाणी पुढे जाईल. नाहीतर इथूनच ओढ्याला वळवावं लागेल." म्हणजे गव्हाच्या ओंब्या पोचट राहणार. वर्षाचं खाणं त्या ओंब्यांत होतं. काम घेतलं ते ठेकेदारानं, आणि त्याच्या मुकादमानं आजूबाजूची सगळे हात गोळा केले. नवरा गवंडी. तो खाली खड्ड्यात दगड बसवायच्या टोळीत. मी वर, घमेली वाहायला.

दिवसभराच्या पाळीनं काम आटपणार नव्हतं. म्हणून दिवस मावळल्यावर अजून तीन तास काढायचं ठरलं आणि ठेकेदारानं उजेडाचा मनोरा आणला. दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेलं डिझेलचं इंजिन, त्याच्यावर आडवा निजवलेला लोखंडी खांब, खांबाच्या टोकाला परातीएवढे चार दिवे. खांब हँडल फिरवून उभा करायचा आणि मग दुसऱ्या हँडलानं त्याच्या पोटातून अजून उंच काढायचा. ट्रॅक्टरमागून तो गाडा आला तेव्हा आम्ही बाया घमेली उतरवून बघत उभ्या राहिलो. गाड्याशेजारून चालत कोण आलं? आमच्या जाऊबाई. साडीवर पुरुषी सदरा, पायांत बूट, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. दीर गेल्यावर त्या रस्त्याच्या कामावर जातात एवढं ठाऊक होतं. तिथे एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली त्या हे शिकल्या, हे मला त्या दिवशी कळलं.

"आता बाई आपल्याला उजेड दाखवणार," माझ्या शेजारची म्हणाली.

"दाखवू दे. आमच्या घरात तर अंधारच करून गेली," मी म्हटलं, ऐकू जाईल अशा बेतानं.

दिवसा मातीचे ट्रक भरावावर यायचे, म्हणून मनोरा खाली झोपडीजवळ ठेवायचा आणि सूर्य कलला की दहा-बारा गड्यांनी ढकलत वर आणायचा. वर आणला की जाऊबाईंचं सुरू. आधी वर बघायचं, विजेची तार कुठून गेलीय. मग खाली बघायचं. पहारीनं जमीन टोचायची, चार ठिकाणी. चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे. मग गाड्याचे चार आधाराचे पाय बाहेर ओढायचे, आणि प्रत्येक पायाखाली जाड फळी. या फळ्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. त्या घरून डोक्यावर आणायच्या आणि घरी न्यायच्या. कुणी त्यांवर बूड टेकलं तर, "उठ, ती बसायची नाही." मग एकेक पाय हँडलानं खाली सोडत, गाड्यावरच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईतोवर पुन्हा पुन्हा फिरायचं. शॉक बसू नये म्हणून जमिनीत सळई ठोकून तिला तार जोडायची. इंजिन सुरू करण्याआधी दिव्यांची बटणं बंद आहेत का ते हात लावून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. इंजिन गरम होऊ द्यायचं. आणि खांब वर जाताना ओरडायचं, "मागं सरा! खांबाखाली कुणी नाही!"

अर्धा-पाऊण तास जायचा. मुकादम घड्याळाकडे बघून दात खायचा. दुसऱ्याच दिवशी गड्यांनी त्यांना फळीबाई म्हणायला सुरुवात केली. नाव मी ठेवलं नव्हतं. पण पसरवलं मी.

आता माझी चूक. कालव्यावर पाण्याचे पाच ड्रम होते, सिमेंट कालवायला. रात्री कोरडे दगडच बसवायचे, म्हणून दिवसाची पाळी संपली की उरलेलं पाणी टाकून, तळाचा गाळ खरवडून ड्रम पालथे घालून ठेवायचे, नाहीतर सकाळी गाळ दगडासारखा होतो. पाणी भरावाच्या पलीकडे, उतारावरून ओढ्यात टाकायचं असं मुकादमानं सांगितलं होतं. पण तिथवर ड्रम कोण लोळवत नेणार? दिवसभर घमेली वाहून मान दगड झालेली असायची. तळव्यांना सिमेंट खाऊन भोकं पडलेली. मी आणि अजून दोघी, आम्ही ड्रम जिथे असेल तिथेच भरावावर उपडा करायचो. धूळही बसायची. मुकादम उलट म्हणायचा, "बरं केलंत, नाकातोंडात जात होती." ती ओतायची जागा नेमकी मनोरा उभा राहायची जागा होती. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. आलं होतं. चिखलात फळ्या भरतील, घरी नेऊन घासत बसेल, असं मनात आलं होतं. त्याहून जास्त काही नाही. पण तेवढं आलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सिमेंट संपलं. पाणी बरंच उरलं. त्या संध्याकाळी मी एकटीनं दोन भरलेले ड्रम तिथे उपडे केले.

मनोरा वर आला. जाऊबाईंनी वर बघितलं, खाली बघितलं, पहार टोचली. रोज ती बोटभर जायची. त्या दिवशी ती वीतभर आत गेली. त्यांनी ती काढून टोकाची माती अंगठ्यानं चोळली. दोन पावलं कडेकडे जाऊन पुन्हा टोचली. मग उकिडव्या बसून जमिनीवर तळहात ठेवून राहिल्या, ताप बघतात तसा.

"इथे नाही उभा करणार," त्या म्हणाल्या.

मुकादम पळत आला. "काय झालं आता?"

"जमीन मऊ आहे."

"मग फळ्या कशाला आणता? शोभेला?"

"फळी मऊ जमिनीत वाकडीच बसते. गाडा कलला तर खांब खाली जाईल. खाली माणसं आहेत." त्यांनी हातानं खड्ड्याकडे दाखवलं. तिथे, अगदी खाली, माझा नवरा दोरी ताणत होता. दोरीचं एक टोक त्यानं दातांत धरलं होतं. "इथे पाणी कुणी ओतलं?"

आम्ही तिघी घमेल्यांच्या राशीजवळ उभ्या होतो. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

"पाणी कुणी ओतलं ते मरू दे," मुकादम म्हणाला. "हलवा लवकर. कुठे न्यायचा?"

त्यांनी डावीकडची जागा बघितली. जमीन टणक, पण डोक्यावरून तार जात होती. "इथेही नाही. खांब वर गेला की तारेला भिडेल." मुकादमानं डोकं धरलं. शेवटी उजव्या अंगाला पंचवीस-तीस पावलांवर, जुन्या न फुटलेल्या भरावावर, त्यांना जागा पसंत पडली. गड्यांना गाडा पुन्हा ढकलावा लागला. खांदे लावलेले, पाय मातीत रुतलेले, कुणी शिव्या देतंय, कुणी हसतंय.

माझ्या जिभेला राहवलं नाही. "मनोरा आहे की नवरीची पालखी? इथे नको, तिथे नको, ऊन लागतंय, वारा लागतोय!"

गडी मोठ्यानं हसले. जाऊबाईंची पाठ माझ्याकडे होती. त्या ठोकळा चाकाखाली सरकवत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. नवरा खड्ड्यातून वर बघत होता. तो हसला नव्हता.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पाय, फळ्या, बुडबुडा, सळई. खांब वर गेला तेव्हा पश्चिमेला अजून थोडा उजेड होता. इंजिनाचा घरघराट स्थिरावला आणि एकामागून एक चार दिवे पेटले. आधी निळसर, मग पांढरे. टोळी कामाला लागली.

पण जागा बदलल्यानं दिव्यांचं तोंड चुकलं होतं. दोन दिवे भिंतीवर पडण्याऐवजी सरळ गवंड्यांच्या डोळ्यांत जात होते. पाच-दहा मिनिटं गेली असतील. खालून नवऱ्याचा आवाज आला, "वहिनी! डोळ्यात येतंय! दगड दिसत नाही, हातोडा अंगठ्यावर बसेल!"

"वर चढून दिवे वळव ना," मुकादम एका दांडग्या गड्याला म्हणाला. गडी खांबाला हात घालणार, तोच जाऊबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"खांबावर कुणी चढायचं नाही. खांब खाली घेते, दिवे खाली वळवते, मग पुन्हा वर."

"म्हणजे अजून अर्धा तास?"

"दिवे निवल्याशिवाय हातही लावता येत नाही. जास्तच लागेल." त्या काठाशी गेल्या आणि खड्ड्याकडे तोंड करून ओरडल्या, "सगळ्यांनी वर या. अंधारात खाली कुणी थांबायचं नाही."

"त्यांना कशाला वर बोलावता?" मुकादम जवळजवळ रडकुंडीला आला. "बसतील तिथेच बिड्या ओढत. चढण्या-उतरण्यात अजून वेळ."

"सगळे वर येईपर्यंत मी दिवा बंद करणार नाही. आणि दिवा बंद केल्याशिवाय तो वळणार नाही. बघा तुमचं तुम्ही."

मी ओळखते तो आवाज. चूल पलीकडे नेली त्या दिवशी सासूबाईंना त्यांनी याच आवाजात सांगितलं होतं, "पाणी मी माझं भरेन." ना राग, ना चढ. त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

गवंडी कुरकुरत शिडीनं वर आले. नवरा शेवटी, कारण दोरी, ओळंबा, थापी सगळं गोळा करून ठेवायची त्याची सवय. मी वरून ओरडले, "या की लवकर, खाली काय सोनं पुरलंय!" तो वर आला, माझ्या शेजारी मातीवर बसला, तांब्या तोंडाला लावला. जाऊबाईंनी शिडीकडे बघितलं, बोटांवर मोजले, सात गवंडी, सात. मग दिवे बंद केले. इंजिन बंद केलं. एकदम एवढं शांत झालं, की घशातून पाणी उतरल्याचा आवाज यावा.

खांब हळूहळू खाली येऊन गाड्यावर निजला. जाऊबाई दिव्यांपासून हातभर लांब उभ्या राहिल्या, हात पाठीमागे. मुकादम येरझाऱ्या घालत होता. "नवरीची पालखी," कुणीतरी माझंच वाक्य पुन्हा म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

तेव्हा आवाज झाला. मोठा नाही. पोतं घसरावं तसा. मग पुन्हा एक. मग पायाखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटली आणि जिथे रोज मनोरा उभा राहायचा, जिथे मी ड्रम उपडे केले होते, तो सगळा भराव, एक खोली मावेल एवढा, जागचा सुटला आणि खड्ड्यात गेला. धुळीचा लोट वर आला. दगडांची नवी रांग, दोरी, ओळंबा, शिडीचा खालचा अर्धा भाग, सगळं मातीखाली.

 मुकादमाचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी नवऱ्याच्या दंडाला धरलं. तो शेजारी होता, मी त्याला धरलं होतं, तरी मी विचारत होते, "अहो, कुठे आहात? कुठे आहात?" "इथेच आहे गं," तो म्हणाला, "इथेच आहे." पण त्याचाही आवाज त्याचा नव्हता.

मुकादमानं टॉर्च घेऊन सगळ्यांची डोकी मोजली. मग पुन्हा मोजली. सगळे होते. तो मटकन खाली बसला. "चाळीस मिनिटं मी या बाईला शिव्या देतोय," तो म्हणाला. मग एकदम उठला. "पण भराव सुटला कसा? काल तर घट्ट होता. इथे पाणी कुणी ओतलं? बोला. आता सांगा. कुणी ओतलं?"

त्या दोघींनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानंही बघितलं. त्याला माहीत नव्हतं. मी त्याचा दंड सोडला.

"मी," मी म्हटलं. "रोज ओतत होते. आज दोन ड्रम भरलेले ओतले. तिकडे न्यायचा कंटाळा केला. आणि..." पुढचं मला सांगायचं होतं. चिखलाचं, फळ्यांचं. ते तोंडातून बाहेर येईना. जे बोलू नये ते भरभर बोलणारी मी, जे बोलायचं ते घशात घेऊन उभी होते.

मुकादम माझ्यावर धावून आला. काय काय बोलला ते सांगत नाही. माझ्या लायकीचंच होतं.

"थांबा," जाऊबाई म्हणाल्या. त्या दिव्यांपासून हलल्या नव्हत्या. "भराव ताजा होता. ट्रकनं टाकलेला, नीट दाबलेलाच नव्हता. आज नाही तर उद्या बसणारच होता. पाणी नसतं तर वरून टणक लागला असता. पहार आत गेली नसती. मी मनोरा तिथेच उभा केला असता, तीन दिवस केलाच की. मग खांबासकट सगळं खाली." त्यांनी दिव्याच्या पत्र्याला बोट लावून बघितलं. "हिनं ओतलं म्हणून मला कळलं. आता शिव्या देऊन झाल्या असतील तर भराव दाबायला माणसं लावा. दिवे निवलेत."

हे खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं, मला आजतागायत उमगलेलं नाही. मी त्यांना एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय." पण चारचौघांत मी त्यांना जे बोलले होते, त्याला चारचौघांतच त्यांनी हे उत्तर दिलं. दोन वर्षं राखून ठेवलेलं उत्तर असं असेल, हे माझ्या सात जन्मांत डोक्यात आलं नसतं.

त्यांनी दिवे खालीच वळवले, एकेक, पाना घेऊन, भिंत कुठे आणि माणसाचे डोळे कुठे याचा अंदाज घेत. नवऱ्याला विचारलं, "तुम्ही कुठे उभे राहणार? किती वाकणार?" तो वाकून दाखवू लागला. मग त्या हँडलाशी गेल्या. मला राहवेना. मी पुढे झाले, त्यांचे पाय धरायला वाकले.

"मागं सर!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या, की मी जागीच ताठ झाले. "खांब वर जातोय, दिसत नाही? तिकडे हो!"

दोन वर्षांत त्या माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी मुकाट्यानं तिकडे झाले. गडी हसले, मी पण हसले, आणि हसता हसता माझे डोळे वाहायला लागले ते थांबेनात.

दिवे पेटले. भिंत अशी उजळली, की दगडांमधली फट न फट दिसावी. गवंडी टणक बाजूनं नवी शिडी लावून उतरले. पुढचे चार दिवस आम्ही तो भराव थराथरानं दाबला. माती ठोकायच्या धुम्मसाच्या दांड्यानं माझे हात सोलले. ड्रम मी एकटी ओढ्यापर्यंत लोळवत नेले. आठव्या दिवशी पाणी सुटलं आणि कालव्याच्या शेपटापर्यंत, आमच्या रानात पोचलं. पण मला आठवते ती भराव कोसळला त्याच संध्याकाळची गोष्ट.

नवरा खाली वाकून दगड बसवत होता. दगड उचलायचा, फिरवून बघायचा, बसवायचा, थापीच्या मुठीनं दोनदा ठोकायचा. मानेवरचा घाम दिसत होता. सदऱ्याला पाठीवर मीच घातलेलं ठिगळ दिसत होतं, वाकडं घातलेलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्याला असं निवांत बघत बसायला मला कधी फावलं नव्हतं. मुकादमानं दोनदा हाक मारली. मी घमेलं मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यानंही तिसऱ्यांदा मारली नाही.

इंजिनाचा काटा बघून, फळ्या चाचपून, जाऊबाई आल्या आणि माझ्यापासून हातभर लांब मातीवर बसल्या. बुटांतली माती झटकली. 

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यासाठी थांबलेय, ताई."